हात सांगस

गेल्या हंगामात भावाबरोबर कापूस घेऊन जिनिंगला गेले होते. दुपार टळत आलेली, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि हवेत रुईचे कण इतके की पापणीवरून बोट फिरवलं तरी पांढरं लागावं. आमच्या ट्रॉलीपाशी एक म्हातारे ग्रेडर आले. सगळे त्यांना नाना म्हणत होते. त्यांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर कापूस काढला, सरकी सोडवून एक पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरला, ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. "खाले ओल शे," म्हणाले. ओलावा मोजायचं यंत्र मागून आलं आणि त्यानंही तेच दाखवलं. पुतण्या बारावीत आहे, त्याला राहवेना. "नाना, तुमले कसं समजस?" नाना थांबले. स्वतःचा उजवा हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग म्हणाले, "माले काय मालूम, भो. हात सांगस." हात सांगतो, एवढंच. आणि पुढच्या ट्रॉलीकडे निघून गेले.

घरी आल्यावर भाव काय लागला, चुकारा कधी मिळणार, फरतड, म्हणजे हंगामाच्या शेवटचा कापूस, वेचायची की तशीच सोडायची, हेच बोलणं चाललं होतं. माझं लक्ष लागेना. नानांचं ते हाताकडे पाहणं डोक्यातून जात नव्हतं. त्या नजरेत कौतुक नव्हतं, अभिमान नव्हता. जन्मभर शेजारी राहिलेल्या माणसाचं नाव आज पहिल्यांदा विचारावं, तशी ती नजर होती. आणखी एक गोष्ट माझ्या मनात राहिली. हाताकडे पाहत होते तेवढा वेळ नानांना काहीच सांगता येत नव्हतं. पुढच्या ट्रॉलीत हात गेला, नजर कुठेतरी आभाळाकडे लागली, आणि हात पुन्हा बोलायला लागला. यंत्राचं सोपं आहे, त्याला ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या मधे आहे की नाही एवढंच ठाऊक. नानांच्या हाताला जे ठाऊक आहे ते नानांनाही ठाऊक नाही. तरी ते त्यांचंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

हात सांगस. पण कुणाला?

कापूस आणि तत्त्वज्ञान एका दमात म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. खानदेशातल्या अमळनेरच्या माणसाला वाटू नये. गिरणी चालवणाऱ्या प्रतापशेठजींनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. बोरीकाठचं हे गाव, उन्हाळ्यात नदीत वाळूच वाळू. तिथे लांबलांबचे पंडित येऊन राहिले, वाद घालत बसले, आणि 'फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' नावाचं इंग्रजी त्रैमासिक इथून कित्येक दशकं निघत राहिलं. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या इथल्या तिघा अभ्यासकांनी १९३३ साली मिळून एक पुस्तक केलं, त्याचा विषय अज्ञान. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्ञानावर लिहिणारे पुष्कळ. आपल्याला कळत नाही तेव्हा नेमकं काय घडत असतं, यावर तीन माणसांनी इथल्या उन्हात डोकं लावून बसायचं! अद्वैती म्हणतात की अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव नव्हे, ते झाकणारं काहीतरी आहे. झाकलेलं आहे म्हणजे खाली काही आहे. त्यांचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर उभा आहे.

याच मंदिराचे १९३३ ते १९३५ या काळात संचालक होते कृष्णचंद्र भट्टाचार्य. त्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' हे छोटेखानी पुस्तक १९३० साली अमळनेरच्या या संस्थेनंच छापलं. पुस्तक अतिशय अवघड आहे. एकेक परिच्छेद एकेक संध्याकाळ खातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा वाटतो. पण त्यातली चाल एकदा हाताशी आली की सुटत नाही. ते म्हणतात, जग आपल्यासमोर वस्तू म्हणून उभं असतं, आणि आपण त्या वस्तूंमध्ये गुंतलेले असतो. 'मी' कधी वस्तू म्हणून समोर येत नाही. मग त्याच्याकडे जायचं कसं? एकेक पायरी मागे सरत. आधी बाहेरच्या वस्तूंपासून शरीरापर्यंत, शरीरापासून मनातल्या प्रतिमा आणि विचारांपर्यंत, तिथून भावापर्यंत, आणि त्याच्याही मागे. प्रत्येक पायरीवर कळतं की ज्याला आपण 'मी' समजत होतो तेही समोर ठेवून पाहता येतं, म्हणजे पाहणारा अजून मागेच आहे. हे मागे सरणं हेच त्यांच्या लेखी स्वातंत्र्य. शरीराच्या पायरीवर ते दोन शरीरं वेगळी करतात: बाहेरून दिसणारं आणि आतून जाणवणारं. आतून जाणवणारं शरीर वस्तूंच्या यादीत बसत नाही, आणि अजून पुरतं 'मी'ही झालेलं नसतं. मी ते प्रकरण वाचत होते तेव्हा हे शब्द माझ्यासाठी कागदावरच होते. नानांनी हात उलटा-सुलटा करून पाहिला तेव्हा ती दोन शरीरं मी समोरासमोर उभी पाहिली.

आम्ही काहीजण रविवारी संध्याकाळी गच्चीवर जमतो. एक जिनिंगचे मुनीम आहेत, एक सिव्हिलमधल्या सिस्टर, एक निवृत्त मास्तर, आणि शेजारच्या मावशी, ज्या चौथीपर्यंत शिकल्या आणि आता नातवंडांच्या शाळेच्या वेळा सांभाळतात. उन्हाळ्यात फरशी पाणी मारून निववायची, सतरंजी टाकायची, कुणीतरी कैरीचं पन्हं आणतं. एका वेळी एकच उतारा घ्यायचा, मोठ्यानं आणि सावकाश वाचायचा. मग ज्याला बोलायचं त्यानं स्वतःच्या अनुभवातलं बोलायचं, पुस्तकातलं दुसरं पुस्तक काढायचं नाही, आणि समोरच्याला सल्ला द्यायचा नाही. या नियमांत आमचं म्हणून फार थोडं आहे. लिओनार्ड नेल्सन या जर्मन शिक्षकानं १९२२ साली गटिंगेनच्या व्याख्यानात सॉक्रेटिसची पद्धत मांडली, त्यात शिकवणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही आणि प्रत्येकानं आपल्या विचारानं चालायचं, हाच गाभा होता. पुढे १९८१ साली गेर्ड आखेनबाख यांनी जर्मनीतच तत्त्वज्ञानाचा दवाखाना म्हणावा असं काहीतरी सुरू केलं: माणूस आपला प्रश्न घेऊन येतो, रोगी म्हणून नव्हे, आणि तत्त्वज्ञ त्याच्याबरोबर विचार करतो. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन, म्हणजे ऐकणं, त्यावर विचार करणं, त्यात मुरणं, ही वाट फार आधीपासून आहे. पण आमच्या घरांत श्रवणाला गर्दी असते, पारायणाला मांडव लागतो, आणि मननापाशी येईपर्यंत सगळे महाप्रसादाच्या पंगतीत बसलेले असतात.

एकदा 'दृग्दृश्यविवेक' या वेदान्तातल्या छोट्या ग्रंथाचा पहिला श्लोक घेतला होता. रूप दिसतं, डोळा पाहतो. डोळाही जाणवतो, तेव्हा मन पाहतं. मनातल्या वृत्ती दिसतात, तेव्हा साक्षी पाहतो. तो साक्षी मात्र कधीच दिसण्यातला होत नाही. श्लोक सोपा आहे आणि त्यामुळेच निसटतो, कारण ऐकणारा दोन ओळींत शेवटच्या पायरीवर जाऊन बसतो. त्या दिवशी मुनीम बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी मधल्या पायरीवरच अडकलो." कुणाशीही बोलताना, अगदी लेकीशी बोलतानासुद्धा, आपल्या मनात एक हिशेब चालू असतो, हा माणूस आपल्याकडून काय काढायला आलाय याचा. तो हिशेब त्यांना आज दिसला. तिथे थांबले असते तरी पुष्कळ होतं. पण ते पुढे म्हणाले की त्या हिशेबाचा आवाज त्यांचा नाही, वडिलांचा आहे. वडील व्यापाऱ्याच्या पेढीवर फसले होते, आणि त्या दिवसापासून घरात प्रत्येक पाहुण्याकडे त्याच नजरेनं पाहिलं गेलं. "म्हणजे पन्नास वर्षं मी ज्याला माझा स्वभाव म्हणत होतो, तो बापाचा घाव होता." कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच.

म्हणून दडलेला 'स्व' शोधण्याविषयी जे गोड बोललं जातं ते मला पटत नाही. आत एक तेजस्वी, निरागस, खरा 'मी' वाट पाहत बसलाय आणि दोन दिवसांच्या शिबिरात त्याची गाठ पडेल, अशी जाहिरात आता तालुक्याच्या गावातही लागते. आत गेल्यावर आधी जे भेटतं ते बहुधा दुसऱ्यांचं असतं: आईची भीती, मास्तरांची शाबासकी, जातीचा ताठा, भाऊबंदकीत शिकलेलं तोलून बोलणं. हे सगळं आपण 'मी' या नावाखाली जपलेलं असतं. भट्टाचार्यांनीच 'स्वराज इन आयडियाज' या भाषणात म्हटलंय की उसन्या कल्पनांवर चालणारं मन हे खऱ्या मनाची सावली असतं. ते खऱ्यासारखंच सगळं काम करतं, फक्त त्यातून नवं काही उपजत नाही. त्यांचा रोख इंग्रजी शिक्षणाकडे होता. मला तो रोख घरातही वळवावासा वाटतो. सावलीवर हात पडणं ही शोधाची निराशा नाही, तो शोधच आहे.

आता वडिलांविषयी.

नाना गेले त्याला काही वर्षं झाली. आमच्याकडे वडिलांनाही नानाच म्हणत. खळ्यात लिंबाखाली त्यांची बाज असायची. संध्याकाळी शेतातून आले की पायांवर पाणी घेऊन तिथे बसायचे, आणि कळण्याच्या भाकरीचा वास येईपर्यंत उठायचे नाहीत. ते गेल्यावर बाज भावानं आत ठेवली. आजही मी गावी गेले की फाटक ढकलल्याबरोबर लिंबाखाली पाहते आणि मला तिथे नाना नाहीत असं दिसतं. 'दिसतं' हेच क्रियापद बरोबर आहे. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यावर केवढा वाद घातलाय! जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशानं कळतं? न्यायदर्शन मानणारे नैयायिक म्हणतात, डोळ्यांनीच. अभावही प्रत्यक्ष दिसतो. कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, तसं नाही. न आढळणं हेच ज्ञानाचं वेगळं साधन आहे, त्याला ते अनुपलब्धी म्हणतात. कॉलेजात असताना हा वाद मला शब्दांचा कीस वाटायचा. खळ्यात उभी राहिले आणि तो माझ्या घरचा झाला.

कारण त्या खळ्यात काय काय नाही! हत्ती नाही, विमान नाही, मामलेदार नाही, माझी कॉलेजातली मैत्रीण नाही. यातलं एकही नसणं मला दिसत नाही. एकच नसणं दिसतं. ते खळ्याला ठाऊक नाही, भाच्याच्या नव्या नवरीला ठाऊक नाही. तिला लिंब दिसतो, सावली दिसते, गाडी लावायला जागा दिसते. नानांचं नसणं मला दिसतं, कारण मी तिथे त्यांना शोधते. मी शोधते आहे हे मला फाटक ढकलेपर्यंत ठाऊक नसतं. एरवी मी स्वतःला व्यवहारी बाई समजते. दिवसकार्य झालं, सातबारा झाला, वाटण्या शांतपणे झाल्या, माझ्याकडून सगळं आवरलेलं आहे. आणि आत कुणीतरी अजून रोज संध्याकाळी पायांवर पाणी ओतल्याचा आवाज ऐकायला कान लावून बसलंय. ती मला सरळ कधी भेटली नाही, आरशात नाही, डायरीत नाही. ती कुठे आहे हे मला रिकाम्या जागेनं दाखवलं. भट्टाचार्य शरीराकडून मनाकडे जाताना नेमके या अभावाच्या ज्ञानापाशी थांबतात, ते का, हे मला पुस्तकात कळलं नव्हतं. वस्तू समोर असते तोवर ती आपल्याला तिच्याकडे ओढून घेते. ती नसते तेव्हा ओढ तेवढी उरते, आणि ओढ कुणाची हा प्रश्न पहिल्यांदा आपल्याकडे वळतो.

हे लिहिताना मला बरं वाटतंय असं म्हणवत नाही. अशा जागा सापडायला लागल्या की त्या संपतच नाहीत. एका पावसाळ्यात मी तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवला गेले होते. दोन्ही नद्या गढूळ, पाणी कुठलं कुणाचं कळत नव्हतं. देवळाच्या दगडी ओट्यावर बसून चांगदेवांनी ज्ञानदेवांना पाठवलेल्या त्या कोऱ्या पत्राचा विचार करत होते. चौदाशे वर्षं योग करून ज्याला मायना सुचला नाही, त्याला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, आणि त्यांत कुठेही 'तू असा असा आहेस' असं सांगितलं नाही. डोळा स्वतःला पाहायला निघाला तर काय पाहील? मीठ पाण्याची खोली मोजायला उतरलं तर माप कोण सांगायला येईल? इतक्या मायेनं कुणी कुणाला इतकं अवघड सांगितल्याचं माझ्या वाचनात दुसरं नाही. मला त्या ओव्या वाचताना भीतीही वाटते. मिठाचं ठीक आहे. मला अजून उरायचं आहे. खळ्यातलं ते नसणं मला गमवायचं नाही. साक्षी होऊन त्याच्याकडे दुरून पाहता आलं, आणि मग ते दुखेनासं झालं, तर मी मोकळी होईन की कोरडी, हे मी ठरवू शकलेले नाही.

सिस्टर या बाबतीत माझ्याहून स्पष्ट आहेत. मागे सरण्याची ही सगळी भाषा त्यांना खटकते. "वॉर्डात मी मागे सरले तर सलाईन कोण बदलेल?" असं त्या विचारतात, आणि तो प्रश्न झटकण्यासारखा नाही. एखाद्या म्हाताऱ्याची कूस बदलताना, त्याची पाठ पुसताना आपण सगळ्यात जास्त 'आपण' असतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्यावर साने गुरुजी आठवतात. ते अमळनेरला आले ते याच तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. मग गावातल्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या झाडणं, त्यांची अंथरुणं नीट करणं, कपडे धुणं यात रमले. एकाच गावात, थोड्याच वर्षांच्या अंतरानं, एक माणूस मागे मागे सरत 'मी'चा तळ शोधत होता आणि दुसरा पुढे पुढे होत दुसऱ्याच्या मळक्या सदऱ्यापर्यंत पोचला होता. कुणाचं खरं, असं मला कुणी विचारलं तर मी दोघांतलं एक निवडणार नाही. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा विझल्यावर, बायको गप्प झाल्यावर दिवसभराचा झाडा घेत असे, काय केलं आणि काय बोललो याचा. त्यात पाहणंही आहे आणि उद्या पुन्हा माणसांत जाणंही आहे. माझा कल आता तिकडे आहे. मुनीमांनाही मी तेच म्हटलं असतं, पण सल्ला द्यायचा नाही हा नियम मीच केलेला.

मुनीम मात्र परवा आपणहून सांगत होते. लेक पुण्याहून आली होती, तिनं नेहमीप्रमाणे "पप्पा, एक विचारू का?" म्हटलं, आणि हिशेब सुरू झाला तोच त्यांना ऐकू आला. थांबला नाही, नुसता ऐकू आला. तेवढ्यात तिचं बोलणं पुढे गेलं होतं, आणि तिला पैसे नकोच होते. तिला आजोबांचा फोटो हवा होता, पेढीवरचा, टोपीतला.

पुढच्या रविवारी कठोपनिषदातला मंत्र घ्यायचं ठरलंय, सगळ्या भूतांत दडलेला आत्मा प्रकट होत नाही, पण सूक्ष्मदर्शी माणसांना सूक्ष्म, एकाग्र बुद्धीनं तो दिसतो, हा. मी अर्थ आधी सांगून ठेवला, म्हणजे आठवडाभर मनात फिरेल. मावशींनी भाजी निवडतानाच हरकत घेतली. "बुद्धीवरीच दखास व्हई, ते मन्ही मायले कधी दखायनंच नई का?" बुद्धीनंच दिसत असेल, तर माझ्या आईला कधी दिसलंच नाही का, असा त्यांचा सवाल. त्यांची आई निरक्षर होती, पहाटे जात्यावर बसायची, दोन पोरं गेली तरी बसायची. मास्तरांना वाटतं की मंत्रातली बुद्धी म्हणजे शिक्षण नव्हे, आणि शंकराचार्यांचं भाष्य घेऊन ते बसणार आहेत. मावशींना भाष्य नकोय. आईला काय दिसत होतं ते त्या सांगणार आहेत, आणि मंत्राला ते मान्य आहे का हे आम्ही बघायचं आहे.